चौदाव्या दिवसाची गोष्ट

मागच्या दिवाळीत आमच्या गल्लीतल्या एका घरावर आकाशकंदील नव्हता. घरातला कर्ता पुरुष श्रावणात गेला होता. वर्षाच्या आत सण करायचा नाही, कढई चढवायची नाही, हा आपल्याकडचा रिवाज. आणि अशा घरी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी फराळाची ताटे पोचवायची, हाही आपल्याकडचाच रिवाज. पहिल्याचा कडूपणा दुसऱ्याने थोडा कमी होतो. आमच्या घरचे ताट घेऊन मी गेलो आणि शिक्षकी सवयीने चिवड्या-लाडवांच्या जोडीला एक दिवाळी अंकही ठेवून आलो. गेलेला गृहस्थ माझा विद्यार्थी. त्याच्या बायकोला वाचनाची आवड आहे, हे मला ठाऊक होते. अंकात पती गेलेल्या एका स्त्रीची गोष्ट होती. ती वाचताना मी स्वतः दोनदा चष्मा पुसला होता. म्हटले, हिला तेवढाच आधार वाटेल.

चार दिवसांनी ती ताट परत करायला आली. रिकामे ताट परत करायचे नाही, म्हणून त्यात पसाभर ज्वारी होती. वर तो अंक. मी विचारले, "वाचलीस का गं ती गोष्ट, सूनबाई?"

"वाचली की, गुरुजी. लई ग्वाड लिहिलीया. रडूबी आलं." जरा थांबून ती म्हणाली, "पर एक कळंना. त्या बाईनं वारसनोंद कवा केली वो?"

वाचकहो, चाळीस वर्षे मी मुलांना मराठी शिकवली. कवितेतला अलंकार विचारा, समास सोडवायला सांगा. माझी बोटे पुस्तक न उघडता त्या पानावर जातील. या प्रश्नाला मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हते. गोष्टीत श्रावणाची सर होती, तुळशीवृंदावन होते, नवऱ्याच्या जुन्या कोटाच्या खिशात सापडलेली चिठ्ठी होती. तलाठी नव्हता. सात-बाराचा उतारा नव्हता. मृत्यूच्या दाखल्याच्या किती प्रती लागतात, हे त्या बाईला कोणी सांगितले नव्हते. कारण लेखकाला ते कोणी सांगितले नव्हते, आणि वाचकाने ते कधी विचारले नव्हते.

म्हणून यंदा ही तक्रार मी दिवाळी अंकाच्याच दारात मांडतो आहे. तक्रार लेखकांविरुद्ध आहे, संपादकांविरुद्ध आहे आणि सर्वांत जास्त तुमच्या-माझ्यासारख्या वाचकांविरुद्ध आहे. आपण ज्यांना हृद्य कौटुंबिक कथा म्हणतो, त्या कथा दुःखाचे तेरा दिवस मोठ्या मायेने सांगतात आणि चौदाव्या दिवशी पळ काढतात.

चौदावा दिवस म्हणजे काय, हे ज्या घरात माणूस गेले आहे त्यांना सांगायला नको. तेराव्याचे जेवण होते. लांबचे पाहुणे एस.टी.ने जातात, जवळचे मोटारसायकलीवर. भाड्याने आणलेली भांडी मोजून परत जातात. सतरंजी झटकून ठेवली जाते. मग संध्याकाळी घरात बाई असते, पोरे असतात आणि किराणा दुकानदाराची वही असते. तेरा दिवस सगळे तिच्या भोवती असतात. चौदाव्या दिवशी सगळे तिच्यापुढे असते. नव्याने सुरुवात होते ती या संध्याकाळी. आमच्या कथा मात्र याच संध्याकाळी तीन फुल्या टाकतात आणि खाली लिहितात, "वीस वर्षे लोटली."

वीस वर्षे लोटली! मुलगा कलेक्टर होऊन मोटारीतून उतरतो, आईच्या पायांवर डोके ठेवतो, आणि आपण धोतराच्या सोग्याने किंवा पदराने डोळे टिपून करंजीकडे वळतो. मुलगा कलेक्टर व्हावा याला माझी हरकत नाही. माझे दोन विद्यार्थी मोठे अधिकारी झाले, त्याचा मला अभिमान आहे. माझी हरकत त्या तीन फुल्यांना आहे. ती वीस वर्षे त्या बाईने कशी काढली, पहिल्या महिन्याची फी कोणी भरली, दिराने बांध किती सरकवला, पहिल्या हळदीकुंकवाच्या दिवशी ती कुठे बसली, हे सगळे त्या तीन फुल्यांखाली पुरलेले असते. खरी गोष्ट तिथे असते. आम्हांला दाखवतात ते वरचे वृंदावन.

कोणी म्हणेल, गुरुजींना अश्रूंचे वावडे दिसते. नाही हो! मी 'श्यामची आई' वाचून रडलो, शिकवतानाही रडलो, आणि वर्गातली दांडगी पोरे माझ्याकडे पाहून हसली नाहीत, हे मी कधी विसरलो नाही. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकात आई जाते. पण त्या घरातले कर्ज, वाड्यातून बाहेर पडणे, फाटके धोतर, कुणाकडे उसने मागायला जाताना वाटणारी लाज यांतले काहीही लेखकाने फुल्यांखाली झाकले नाही. आणि अश्रू ढाळणारा हाच माणूस मे १९४७ मध्ये, इथून दहा-बारा कोसांवर, पंढरपूरला विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून उपोषणाला बसला. दार उघडले. ज्यांना साने गुरुजींचे अश्रू भाबडे वाटतात, त्यांनी या अश्रूंनी कोणते कुलूप काढले ते आधी पाहावे. माझे भांडण अश्रूंशी नाही. अश्रूंनंतर हात पुसून मोकळ्या होणाऱ्या गोष्टीशी आहे.

आणि हे भांडण मी आपल्या घराण्याच्या आधाराने करतो आहे, परक्याच्या नव्हे. मराठी कादंबरी जन्मली तीच मुळी या प्रश्नाच्या पोटी. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला; त्याच्या दुसऱ्याच वर्षी बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. त्यातली यमुना प्रवासाला निघते आणि वाटेवर तिला भेटतात त्या विधवाच. पुढे हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' पत्रातून 'पण लक्षात कोण घेतो?' लिहिली. तिचीही नायिका यमुनाच. पत्राचे नाव 'करमणूक', आणि आत काय, तर एका पोरीच्या केशवपनाची कहाणी! त्या काळच्या वाचकाने हरिभाऊंना असे बजावले नाही, की करमणुकीला बसलो असताना न्हाव्याचा वस्तरा कशाला दाखवता? त्याने तो अंक वाचला आणि पुढच्या अंकाची वाट पाहिली.

१९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि ही प्रथा महाराष्ट्रात रुजली. फराळाच्या ताटाशेजारी छापील ताट मांडणारा असा समाज आपण आहोत, याचा मला अभिमान वाटतो. पण ताटात शंकरपाळेच शंकरपाळे वाढले तर पोटभर जेवण झाले असे कोणी म्हणेल काय?

आता खरोखर ज्यांनी नव्याने सुरुवात केली, त्यांच्याकडे पाहा. धोंडो केशव कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली वारली. पुरुषाने दुसरे लग्न करणे त्या काळी दोन महिन्यांचे काम होते, आणि नवरी दहा-बारा वर्षांची मिळे. अण्णांनी ते केले नाही. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. त्या बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. आजचा लेखक इथे सनई वाजवून गोष्ट संपवील. प्रत्यक्षात गोष्ट इथे सुरू झाली. मुरूड गावाने बहिष्कार घातला. आपल्यापायी आपल्या माणसांना गावात काय सोसावे लागते, हे त्या दोघांना पाहावे लागले. अण्णांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्याच्या माळावरच्या झोपडीत गेला. आणि त्या बाईने पुढे आपले आत्मचरित्र लिहिले, 'माझे पुराण'. कर्व्यांची बायको म्हणून नव्हे, स्वतःच्या हिशेबाने लिहिले. गोडवा त्यातही आहे. पण तो आधी कडू गिळल्यानंतरचा आहे.

त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले. विशीत वैधव्य, पदरी एक मूल, केशवपन झालेले. ही बाई हिंगण्याच्या संस्थेत आली, शिकली, संस्थेसाठी गावोगाव निधी मागत फिरली. इंग्रजी आले पाहिजे, असे मनाने घेतले आणि १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, अमेरिकेला गेली. तिथे परक्या घरांत घरकाम करून राहिली. १९२८ साली तिची 'माझी कहाणी' प्रसिद्ध झाली. आता मला सांगा, जुन्या कोटाच्या खिशातल्या चिठ्ठीपेक्षा ही गोष्ट कमी हृद्य आहे काय? फरक एवढाच, की त्या चिठ्ठीने आपले डोळे पाणावतात, आणि पार्वतीबाईंच्या कहाणीने आपल्याला लाज वाटते. दिवाळीत आपल्याला पाणावायचे असते; लाजायचे नसते.

यावर दोन आक्षेप येतात, तेही सांगून टाकतो.

पहिला आक्षेप संपादकांचा. ते म्हणतात, सणासुदीला घरातली सगळी माणसे अंक वाचतात. त्यांना आनंद द्यावा. संपादकमहाशय, सगळी माणसे म्हणजे कोण? ज्या घरावर कंदील नाही, ते घरही वाचकच आहे. फराळाचे ताट तिथे जाते, अंकही जातो. ज्या बाईला या वर्षी आनंदाची सर्वांत जास्त गरज आहे, तिच्या हातांत तुम्ही अशी गोष्ट ठेवता की जिच्यातली बाई तिच्यासारखी दिसते आणि तिच्या एकाही अडचणीतून जात नाही. याला आनंद देणे म्हणत नाहीत. चौदाव्या दिवसातून वाट काढणारी बाई तिला दाखवा. तिचा आनंद तुम्हांला पत्राने कळेल.

दुसरा आक्षेप समीक्षकांचा. ते म्हणतात, वारसनोंद हा कथेचा विषय नव्हे. कला वेगळी, प्रचारपत्रक वेगळे. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकरांचा वाद आमच्या पिढीने घोटून घोटून पाठ केला. मी त्यात पडत नाही. मी एवढेच विचारतो, की कोटाच्या खिशातली चिठ्ठी कलेत बसते आणि तलाठ्याच्या दारातली तिसरी खेप बसत नाही, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? उन्हात उभी असलेली बाई, पिशवीत कागद, कडेवर पोर, आणि आतून येणारे "साहेब मीटिंगला गेलेत" हे शब्द. या प्रसंगात करुण रस नाही, असे म्हणणाऱ्याने एकदा त्या दारात उभे राहून पाहावे. नव्याने सुरुवात करणे ही नुसती मनाची उभारी नाही. ती जमीन, पैसा, कागद, काम आणि चार माणसांची साथ यांची जमवाजमव आहे. ती वगळून नुसती उभारी रंगवणे, हीच खरी कलेतली लबाडी.

आमच्या अकलूजच्या आसपास ही जमवाजमव मातीवर लिहिलेली दिसते. नीरेच्या उजव्या कालव्याला पाणी आले, तेव्हा सासवडकडचे माळी शेतकरी घरदार मागे ठेवून या रानात आले. खंडाने जमिनी घेतल्या, ऊस लावला, गूळ केला आणि १९३२ साली स्वतःचे भांडवल गोळा करून सासवड माळी साखर कारखाना उभा केला. माळीनगर ते हेच. शेतकऱ्यांनी स्वतः काढलेला कारखाना ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. गाव सोडून आलेल्या त्या बायांनी पहिल्या रात्री चूल कुठे मांडली असेल, याची एखादी गोष्ट अंकात आली, तर मी ती गल्लीत घरोघर वाचून दाखवीन.

आणि ही दुसरी गोष्ट तर दर दिवाळीला आमच्या दारावरून जाते. सण संपतो न संपतो तोच बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात. रानात कोप्या पडतात. त्यांच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता; एकटे माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती जोडीच्या बळावर. आता नवरा गेला तर? बाई एका दिवसात अर्धा कोयता होते. उचल मात्र अर्धी होत नाही. 'अर्धा कोयता'! वाचकहो, वैधव्याला इतका अचूक आणि इतका निर्दय शब्द मराठीतल्या एकाही प्रतिभावंताने घडवला नव्हता. तो मुकादमाच्या वहीने घडवला. आणि आपण अजून प्राजक्ताचा सडा शिंपतो आहोत.

हे सगळे जुने झाले, आता काळ बदलला, असे म्हणण्याची सोय नाही. कायदे झाले, हे खरे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पतीच्या मिळकतीत विधवेला मुलांच्या बरोबरीने वाटा दिला. पण अगदी अलीकडे, ४ मे २०२२ रोजी, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाला ग्रामसभा भरवून ठराव करावा लागला, की यापुढे नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र तोडायचे नाही, जोडवी काढायची नाहीत. 'यमुनापर्यटना'नंतर १६५ वर्षांनी! या विचारामागे आमच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे होते. आपल्या मृत्यूनंतर आपल्या पत्नीवर ही सक्ती करू नये, असे त्यांनी मुद्रांकपत्रावर लिहून ठेवले. त्याच महिन्यात शासनानेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले.

एका गृहस्थाने जिवंतपणी मुद्रांकावर लिहिले, "माझ्यामागे हिचे कपाळ पुसू नका." यापेक्षा हृद्य प्रेमकथा मला दाखवा. या कागदात चंद्र नाही, चांदणे नाही. पण चौदाव्या दिवसाचा विचार आहे, आणि तो मरणाच्या आधी केलेला आहे.

आता माझाही कबुलीजबाब घ्या. दुसऱ्यांवर लेखणी चालवून स्वतः सोवळ्यात बसणे बरे नव्हे. माझा विद्यार्थी गेला तेव्हा मी स्मशानात गेलो, दहाव्याला गेलो, तेराव्याला जेवलो. सांत्वनाचे चार शब्द बोललो. ते ऐकून एक-दोघांनी, "गुरुजी किती छान बोलले," असेही म्हटले. चौदाव्या दिवशी मी गेलो नाही. श्रावणापासून दिवाळीपर्यंत ती बाई एकटी खेपा घालत होती आणि मी शेजारी बसून हृद्य कथा वाचून चष्मा पुसत होतो. त्या कथांनी माझे मन इतके मऊ केले, की ते उठून चालेनासे झाले. दुसऱ्याच्या दुःखावर रडलो म्हणजे आपले काम झाले, असे मला त्यांनी शिकवले, आणि मी, म्हातारा शिक्षक, तो धडा मुकाट्याने शिकलो.

तिचा प्रश्न ऐकला आणि दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. विशेष काही केले नाही. अर्ज नीट लिहिला, चार ठिकाणी सह्या केल्या, बाकावर बसून राहिलो. पांढरे केस बाकावर बसलेले असले की "उद्या या" म्हणायला माणूस थोडा कचरतो, एवढेच. नोंद धरली गेली. उताऱ्यावर तिचे नाव आले तो दिवस ना दिवाळीचा होता, ना पाडव्याचा. तिने तो कागद वाचला, पुन्हा वाचला आणि घडी घालून पिशवीत ठेवला. रडली नाही. घरी परत येताना वाटेत तिने पोरासाठी वह्या घेतल्या.

ही गोष्ट मला लिहिता येत नाही. मी कथाकार नव्हे. ज्यांना लिहिता येते त्यांच्या दारात मी ती ठेवतो आहे. लेखकांनो, त्या तीन फुल्या उचला आणि खाली काय आहे ते लिहा. संपादकांनो, अशी गोष्ट आली तर ती सणाला शोभत नाही म्हणून परत धाडू नका. आणि वाचकहो, हिंगण्याच्या संस्थेची माणसे पूर्वी दारोदार जाऊन भाऊबीज मागत, हे तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. न पाहिलेल्या बहिणींसाठी आपल्या आजोबा-पणजोबांनी ती ओवाळणी घातली, आणि तिच्यातून मुली शिकल्या. यंदा तुमच्या गल्लीत एखादे घर कंदिलावाचून असेल, तर फराळाचे ताट जरूर न्या. अंकही न्या. पण उंबऱ्यावरून परत फिरू नका, आत बसा आणि विचारा, "कुठे जायचे आहे काय? मी येतो बरोबर."

आमच्या गल्लीतल्या त्या घरावर या वर्षी कंदील लागला आहे. पोराने कामट्या आणि कागद आणून स्वतः केला आहे. थोडा वाकडा आहे. काल संध्याकाळी त्याची आई कुंकू लावून दारात उभी राहून तो सरळ करत होती. समोरच्या घरातून दोन म्हाताऱ्या बघत होत्या. त्या काय म्हणाल्या ते मी ऐकले नाही. पण भाऊबीजेला मी तिच्याकडे जाणार आहे, आणि पाट तिनेच मांडायचा आहे, हे मी तिला आजच सांगून आलो.